घर बांधण्यापूर्वी : वाट, पाणी, वीज आणि निचरा

ग्रामीण भागात स्वतःचे पक्के घर उभे राहणे ही कुटुंबाच्या आयुष्यातील फार मोठी घटना असते. अनेक वर्षांची बचत, शासनाचे अर्थसाहाय्य, नातेवाइकांकडून घेतलेली उसनवारी आणि घरातील माणसांचे श्रम या सर्वांची गुंतवणूक त्या चार भिंतींत होत असते. म्हणूनच घराच्या जागेची निवड हा केवळ त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न राहत नाही. त्या जागेला वर्षभर वापरता येईल अशी वाट आहे काय, उन्हाळ्यात तेथे पाणी मिळेल काय, वीज कोठून येईल आणि सांडपाणी कोठे जाईल, या चार प्रश्नांची उत्तरे पाया खोदण्यापूर्वी, किंबहुना खरेदीखत नोंदविण्यापूर्वीच मिळाली पाहिजेत. घर बांधून झाल्यानंतर हे प्रश्न निघाले, तर त्यांची किंमत कुटुंबाला आणि पुढे ग्रामपंचायतीलाही दीर्घकाळ मोजावी लागते. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि शिक्षक यांच्याकडे गावकरी सल्ल्यासाठी येतात. त्यांना उपयोगी पडावे या हेतूने या विषयाचा येथे परामर्श घेतला आहे.

स्वस्त जागेची खरी किंमत

जुनी गावठाणे आता अपुरी पडू लागली आहेत. कुटुंबे विभक्त झाली आणि लोकवस्ती वाढली. त्यामुळे गावठाणाबाहेर, शेतात किंवा रस्त्याच्या कडेला घर बांधण्याकडे कल वाढला आहे. गावठाणालगतची जागा महाग असते आणि आत शिरावे तसतसा दर उतरतो. हा दर का उतरतो, याचा मात्र विचार होत नाही. बहुतेक वेळा वाट, पाणी व वीज यांपासूनचे अंतर हेच त्या स्वस्ताईचे कारण असते.

उदाहरणादाखल असे समजू या, की एका कुटुंबाने गावच्या नळापासून ४०० मीटर अंतरावर जागा घेतली. जल जीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला रोज २७५ लिटर पाणी लागते. पंधरा लिटरची एक कळशी याप्रमाणे ते अठरा कळशांहून अधिक होते. एका खेपेला दोन कळशा आणल्या तरी नऊ खेपा पडतात. प्रत्येक खेपेस जाऊन येऊन ८०० मीटर चालावे लागते. म्हणजे केवळ पाण्यासाठी रोज सात किलोमीटरांहून अधिक चाल होते. ही चाल बहुतांशी घरातील स्त्रियांच्या व मुलींच्या वाट्याला येते. जागा पसंत करताना मात्र त्यांचे मत क्वचितच विचारले जाते.

विजेचेही तसेच आहे. दर ४० मीटरला एक खांब धरला, तरी ४०० मीटरसाठी दहा खांब, त्यांवरील तारा आणि उभारणीची मजुरी लागते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत केंद्राच्या निकषानुसार सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये घराच्या बांधकामासाठी मिळतात. लांबच्या खांबांचा किंवा नव्या वाटेचा खर्च त्या रकमेत गृहीत धरलेला नाही. भूमिहीन लाभार्थ्यांना राज्य शासन जागाखरेदीसाठी वेगळे साहाय्य देते. त्या पैशांतून घेतलेली जागा सोयींपासून दूर असेल, तर साहाय्याचा हेतूच विफल होतो.

परवानगी आणि सोय

घर बांधण्याची परवानगी मिळाली म्हणजे सोयी आपोआप मिळतील, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४२-ड अन्वये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील, प्रादेशिक योजनेत निवासी वापरासाठी दर्शविलेल्या जमिनींच्या बाबतीत अकृषिक वापराची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. या तरतुदीने कागदोपत्री अडचण कमी झाली. परंतु गावची जलवाहिनी किंवा विजेचे खांब तेवढ्याने २०० मीटर पुढे सरकत नाहीत. अकृषिक वापराचे नियम अलीकडच्या काळात वेळोवेळी बदलले असल्याने चालू नियम तहसील कार्यालयातून समजून घ्यावेत. सोयींची चौकशी मात्र स्वतंत्रपणे करावी.

त्याचप्रमाणे, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये होऊन घरपट्टी सुरू झाली, की मालकी सिद्ध झाली असे मानणेही चुकीचे आहे. ती नोंद करआकारणीसाठी असते. गावठाणातील मिळकतींसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. गावठाणातील जागा विकत घेताना ही पत्रिका आणि गावठाणाबाहेरील जागेसाठी सातबारा, आठ-अ व फेरफार पाहणे अगत्याचे आहे. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. वाटेचा, पाटाचा किंवा सामाईक विहिरीचा हक्क नोंदलेला असेल, तर तो बहुधा तेथेच सापडतो.

वाट : पायाखालची आणि कागदावरची

चार प्रश्नांत वाटेचा प्रश्न पहिला, कारण बाकीच्या सोयी वाटेनेच येतात. विक्रेता सांगतो, “वाट आहे, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या येथूनच जातो.” त्याचे म्हणणे खरेही असते. परंतु ती वाट कोणाच्या जमिनीतून जाते, कोणत्या हक्काने जाते आणि किती रुंद आहे, हे कागदावर पाहिले पाहिजे. उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयातून गावचा नकाशा मिळतो. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविलेला असतो. नकाशात जी वाट पायमार्ग आहे, तीवरून विटांची मालमोटार किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नेण्याचा हक्क गृहीत धरता येत नाही.

बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेबाबत महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अस्तित्वात असलेल्या वाटेला कोणी अडथळा केल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. या तरतुदी शेतकऱ्यांना अतिशय उपयुक्त आहेत. तथापि, शेतीच्या वहिवाटीसाठी मिळालेली वाट आणि निवासासाठी लागणारा रस्ता या दोन भिन्न गोष्टी होत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ अन्वये वीस वर्षांच्या अखंड, उघड व हक्काने केलेल्या वापरातून सुविधाधिकार प्राप्त होऊ शकतो. पण तो सिद्ध करण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. शिवाय ज्या कारणासाठी वापर झाला, त्या कारणापुरताच तो हक्क मर्यादित राहतो. चालण्याचा हक्क मिळाला म्हणून त्याच पट्टीतून नळ पुरण्याचा किंवा खांब रोवण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही.

यास्तव खरेदीखतात चतुःसीमांबरोबरच वाटेची रुंदी, ती ज्या गटातून जाते त्याचा क्रमांक आणि तीतून जलवाहिनी व वीजवाहिनी नेण्याची मुभा यांचा स्पष्ट उल्लेख करून सोबत नकाशा जोडावा. वाट विक्रेत्याऐवजी तिसऱ्याच धारकाच्या जमिनीतून जात असेल, तर त्याच्याशी स्वतंत्र नोंदणीकृत करार करावा. आजचा शेजारी कितीही भला असला, तरी उद्या त्याच्या वारसांमध्ये वाटणी होणार आहे, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

जागा मोठ्या रस्त्याला लागून असेल, तर इमारत रेषा व नियंत्रण रेषा यांची माहिती सार्वजनिक बांधकाम विभागाकडून घ्यावी. ओढ्याकाठी वा नदीकाठी असल्यास पाटबंधारे खात्याच्या निळ्या व लाल पूररेषा पाहाव्यात. आणि वाट डोळ्यांनी पाहायची ती श्रावणात पाहावी. वैशाखात टणक दिसणारी काळ्या मातीची गाडीवाट पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची होते. शाळेत जाणाऱ्या मुलांचे आणि बाळंतपणासाठी निघालेल्या स्त्रीचे हाल त्याच दिवसांत होतात.

पाणी : ज्येष्ठातील परीक्षा

वाट श्रावणात पाहावी, तसे पाणी वैशाख-ज्येष्ठात पाहावे. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी सर्वत्र सारखे साठत नाही. झिजलेला मुरूम, फटी, सांधे आणि सच्छिद्र थर असतील तेथेच ते सापडते. त्यामुळे शेजारच्या विंधण विहिरीला भरपूर पाणी आहे, म्हणून पन्नास पावलांवर आपल्यालाही लागेल, असा भरवसा देता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात कार्य करीत आहे. तिच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींवरून त्या परिसरातील पाणी उन्हाळ्यात किती खोल जाते, याचा अंदाज येतो. जागेवर विहीर किंवा विंधण विहीर असेल, तर उन्हाळ्याच्या अखेरीस पंप सलग काही तास चालवून, माप माहीत असलेले पिंप किती वेळात भरते आणि पंप बंद केल्यावर पाण्याची पातळी किती वेळात पूर्ववत होते, हे पाहावे. एवढ्या साध्या चाचणीनेही बरेच काही समजते.

नवी विंधण विहीर घेण्याचा विचार असल्यास कायद्याची मर्यादा ध्यानात घ्यावी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने बंधन घातले. त्यानंतर आलेल्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्येही अशा उद्भवांच्या संरक्षणाची तरतूद आहे. गावच्या नळयोजनेची विहीर कोठे आहे, हे ग्रामपंचायतीला ठाऊकच असते. ती माहिती घर बांधणाऱ्यास आधी द्यावी.

पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याची गुणवत्ता महत्त्वाची. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा सर्वांच्या परिचयाचा आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा उद्भव नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही हे दोष असू शकतात. म्हणून प्रयोगशाळेतून नमुना तपासून घेणे हाच मार्ग होय.

नळयोजनेवर भिस्त असेल, तर जलवाहिनीचे अंतर आणि जागेची उंची दोन्ही पाहावीत. पाणी दहा मीटर चढविण्यास दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम दाब लागतो. जलकुंभाच्या पातळीइतक्या उंच टेकाडावर बांधलेल्या घराला नळ जोडून मिळेल. पण त्यातून पाणी येईलच असे नाही. बांधकामालाही पाणी लागते, याचा हिशेब आधी करावा. सिमेंटच्या पन्नास किलोच्या एका गोणीमागे केवळ काँक्रीट कालवण्यास २५ ते ३० लिटर पाणी लागते. त्यानंतर भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीट साध्या सिमेंटचे असल्यास किमान सात दिवस व मिश्र सिमेंटचे असल्यास किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. पाण्याअभावी पाणी मारणे चुकले, तर घर पहिल्याच वर्षी कच्चे राहते. तो दोष पुढे गिलाव्याने झाकला जातो. भरून मात्र निघत नाही.

वीज : तार शेजारून जाते, पण कोणती?

जागेशेजारून विजेची तार जाताना दिसली, की वीज मिळालीच असे मानले जाते. ती तार कोणत्या वाहिनीची आहे, हा खरा प्रश्न आहे. उच्चदाबाच्या तारेवरून घराला थेट जोडणी देता येत नाही. त्यासाठी रोहित्र लागते. लघुदाबाची तार शेतीपंपांच्या वाहिनीवरील असेल, तर तेथे पुरवठा ठरावीक तासांपुरता, चक्राकार पद्धतीने होतो. गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम राज्यात मोठ्या प्रमाणावर झाले आहे. त्यामुळे शेतातील घर कोणत्या वाहिनीवर जोडले जाणार, हे महावितरणच्या शाखा कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरात दिवे लावणे हा वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, हेही सांगून ठेवणे आवश्यक आहे.

याच अधिनियमाच्या कलम ४३ नुसार मागणी केल्यावर वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार ग्रामीण भागात नव्या जोडणीची मुदत १५ दिवसांवर आणण्यात आली, तर डोंगराळ ग्रामीण भागात ती ३० दिवस ठेवण्यात आली. मात्र नवी वाहिनी किंवा उपकेंद्र उभारावे लागणार असेल, तर ही मुदत लागू होत नाही. शिवाय कलम ४६ अन्वये वाजवी खर्च नियामक आयोगाच्या आदेशानुसार अर्जदाराकडून वसूल करता येतो. खासगी जमिनीतून वाहिनी न्यायची झाल्यास त्या धारकाची संमती घ्यावी लागते; ती नाकारली गेल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. घर पूर्ण होऊनही अंधारात राहण्याची वेळ पुष्कळदा याच टप्प्यावर येते.

जागेवरून तार जात असल्यास ती सोय समजू नये. घराच्या सर्वांत उंच भागापासून ११ किलोव्होल्टच्या तारेचे उभे अंतर किमान ३.७ मीटर आणि आडवे अंतर किमान १.२ मीटर असणे सुरक्षिततेच्या नियमांनुसार आवश्यक आहे. आज एक मजला बांधताना उद्याच्या दुसऱ्या मजल्याचाही विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचा अनेकजण दाखला देतात. परंतु तिच्या अनुदानासाठी घरात वीजजोडणी असावी लागते. त्यामुळे तारेचा प्रश्न त्या योजनेने टळत नाही.

निचरा : शेवटी आठवणारा प्रश्न

सांडपाण्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय ग्रामीण भागास सोयीचे आहे. एक खड्डा भरला की तो दीड-दोन वर्षे बंद ठेवून दुसरा वापरात आणावा; त्या अवधीत पहिल्यातील मैल्याचे खत होते. मात्र काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही आणि पावसाळ्यात असे खड्डे तुंबतात. उलटपक्षी, फटीच्या खडकात पाणी इतक्या जलद मुरते, की ते न गाळताच शेजारच्या विहिरीत पोहोचू शकते. विहिरीपासून शोषखड्डा किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस ठेवावा. फटीचा खडक असल्यास हे अंतर शक्य तितके वाढवावे. दोन गुंठ्यांच्या तुकड्यात स्वतःची विहीर, स्वतःचा शोषखड्डा आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांचे खड्डे यांचा मेळ बसत नसेल, तर ती जागा निवासास योग्य नाही, असे स्पष्ट सांगावे.

भूकंपानंतरच्या वसाहतींचा धडा

सोयींचे अंतर काय करू शकते, हे राज्याने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या गावांची आखणी ऐसपैस, सरळ व रुंद रस्त्यांची होती. भूकंपाची भीती बसलेल्या लोकांना मोकळ्या जागेचा दिलासा मिळणे स्वाभाविकच होते. परंतु जुन्या दाट वस्तीच्या तुलनेत गाव विस्तारले, की त्याच प्रमाणात रस्ते, नळ, गटारे आणि दिवे यांची लांबी वाढते. उभारणीचा खर्च एकदाच येतो. देखभालीचा खर्च ग्रामपंचायतीला दरवर्षी करावा लागतो. धरणग्रस्तांसाठी १९७६ पासून झालेल्या पुनर्वसन कायद्यांनी नव्या गावठाणात नागरी सुविधा पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली, त्यामागेही हाच विचार आहे. शासन वसवीत असलेल्या गावासाठी जो दंडक आहे, तोच विवेक एकट्या घराच्या बाबतीतही पाळला जावा.

ग्रामपंचायतीने काय करावे

यासाठी नवा निधी किंवा नवा कायदा लागत नाही. ग्रामपंचायतीने गावच्या नकाशाच्या एका प्रतीवर जलवाहिनी, जलकुंभ, सार्वजनिक उद्भव, रोहित्रे, गावठाण व शेती यांच्या वेगवेगळ्या वीजवाहिन्या आणि नोंदलेले रस्ते दाखवून तो कार्यालयात दर्शनी लावावा. बांधकामाविषयी विचारणा करणाऱ्यास किंवा घरकुल मंजूर झालेल्यास परवानगीच्या कागदाआधी हा नकाशा दाखवावा. शिक्षकांनी परिसर अभ्यासात विद्यार्थ्यांकडून विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून घेतली, तर दोन-तीन वर्षांत गावापाशी स्वतःची विश्वसनीय नोंद तयार होईल.

जागा घेणाऱ्याने पुढील बाबी हाती आल्याखेरीज विसाराची रक्कम देऊ नये :

१. सातबारा, आठ-अ व फेरफार, अथवा गावठाणात मिळकत पत्रिका.
२. गाव नकाशाची प्रत आणि वाटेच्या हक्काचा लेखी पुरावा.
३. नळजोडणी शक्य आहे किंवा नाही, याविषयी ग्रामपंचायतीचे पत्र. स्वतःचा उद्भव असल्यास उन्हाळ्यातील चाचणी आणि पाण्याचा तपासणी अहवाल.
४. वीजवाहिनीचा प्रकार, अंतर व अंदाजित खर्च यांविषयी महावितरणचे लेखी उत्तर.
५. दोन हात खोल खड्डा खणून, त्यात पाणी भरून पाहिलेली निचऱ्याची परीक्षा.

या पाचांपैकी एकाचे उत्तर प्रतिकूल आले, तर जागा सोडावी किंवा येणारा खर्च किमतीतून वजा करून मागावा. विसार देण्यापूर्वी कुटुंबाच्या हाती निवड असते. पाया भरल्यावर ती राहत नाही. तोवर त्याला योग्य माहिती देणे हे गावच्या कारभाऱ्यांचे काम आहे. ते वेळेवर झाले, तर नव्या घराच्या दारी रुग्णवाहिका पोहोचेल, नळाला पाणी येईल, दिवा लागेल, आणि त्या घरातील मुलीच्या हाती कळशीऐवजी पुस्तक राहील.